मार लागल्याचा आवाज

५ ऑगस्ट

ताई,

तू फोन उचलत नाहीस, आणि निरोप पाठवलास तोही शाळेच्या सूचनाफलकावर लावावा तसा: "बोलू नकोस. बोलताना तू गोड बोलतोस. काय केलंस ते कागदावर लिहून पाठव." दंगा करणाऱ्या पोरांना तू वर्गात हीच शिक्षा देतेस ना? चाळिशीला टेकलेला भाऊ बाकावर उभा आहे, बघून घे.

तर काय केलं ते. आधी एवढं समजून घे, की मी काही केलं नाही, ते झालं. आमच्या धंद्यात गेम तयार होत असताना पात्रांना खरे आवाज अगदी शेवटी मिळतात. तोवर कुठल्या वाक्याला किती वेळ लागतो हे कळावं म्हणून ऑफिसातलंच कोणीतरी ती वाक्यं वाचून ठेवतं. त्याला आम्ही कामचलाऊ आवाज म्हणतो. आमच्या गेममधली राणी दीड वर्ष आमच्या हिशेबनिसाच्या घोगऱ्या आवाजात हुकूम सोडत होती. तसा पुलावरच्या म्हाताऱ्याला मी बाबांचा आवाज लावून ठेवला होता.

हा म्हातारा कोण, ते सांगतो. गेममध्ये लढाईत ओस पडलेलं एक शहर आहे. खेळणारा म्हणजे फौजेतून पळालेला शिपाई, हातात काठी. त्याला पूल ओलांडायचा आहे. फाटकाची किल्ली म्हाताऱ्याने लपवली आहे, कुठे ते त्याला माहीतही आहे, पण शब्द सापडत नाही. "ते... ते... काय ते..." असं चालतं. खेळणारा थांबला तर शेवटी सापडतो.

बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर मी घरी आलो होतो. तू शाळेत गेलीस की मी त्यांच्याकडून चित्रांची कार्डं म्हणून घ्यायचो, कप, छत्री, चावी. तेव्हा फोनवर रेकॉर्ड करत होतो. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना ऐकवायचंय असं तुला म्हणालो होतो. ऐकवणारही होतो. पुढे नटाचा आवाज बसवायचा राहून गेला आणि गेम तसाच बाहेर पडला. गडबडीत होतं असं.

फोन आपटण्याआधी तू एवढंच सांगितलंस, की तू फळ्यावर गणित लिहीत होतीस, मागे कोणाच्या तरी फोनवर कण्हण्याचा आवाज वाजला, सगळा वर्ग हसला, आणि तो आवाज कोणाचा हे तुला वळूनही बघावं लागलं नाही. हो, लोक म्हाताऱ्याला काठीने मारतात. मारलं की तो कण्हतो. पोरांना त्याची मजा वाटते, ती त्याच्या क्लिपा करतात, त्याला ठेका लावतात. मी त्या क्लिपा पाहिलेल्या नाहीत.

पुढच्या अपडेटमध्ये आवाज काढून टाकतो. बाबांना यातलं काही सांगू नकोस, उगीच मनाला लावून घेतील.

तुझा धाकटा


१९ ऑगस्ट

ताई,

बाबांना सांगू नकोस म्हणालो होतो, आणि तू लिहितेस की सांगायची वेळच आली नाही.

तुझं पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचलं. तू गेम विकत घेतलास, खोलीत बसून पुलापर्यंत पोचलीस, आणि खात्री करायला फक्त एकदाच काठीचं बटण दाबलंस. तेवढ्यात आतून बाबांनी विचारलं, "कुणाला... लागलं?" आणि पाय ओढत, चांगल्या हातात मलमपट्टीचा डबा घेऊन ते दाराशी आले. मग त्यांनी पडदा पाहिला. खुर्चीवर बसून म्हाताऱ्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, डबा उचलला आणि परत जाऊन जागेवर ठेवला. तू पुढे काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं, पण ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं. नटाचा आवाज राहून गेला नव्हता. नट आला होता. नावाजलेला, वयस्कर, सज्जन माणूस. त्याने ते अडखळणं इतकं सुरेख केलं की काचेपलीकडे आमच्या मालकीणबाईंनी डोळे पुसले. तो अडखळताना गोड वाटत होता, हीच अडचण होती. बाबा अडखळतात तेव्हा संतापतात. शब्द सापडला नाही की मांडीवर मूठ मारतात, आणि सापडला की तो आपल्यावर फेकतात. ज्या माणसाने जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि भर चौकात गाडी बंद पाडणाऱ्यावरही कधी आवाज चढवला नाही, तो छत्रीच्या चित्रावर असा चिडतो, हे कुठल्या नटाला जमणार? मी मालकीणबाईंना म्हटलं, कामचलाऊच ठेवू. म्हणजे मीच ठेवला.

तुला राग येईल, तरी लिहितो. आमच्या मालावर "प्रौढांसाठी" असा शिक्का मारतात तो रक्त, शिव्या आणि उघडी अंगं दिसतात म्हणून. ते सगळं तेरा वर्षांच्या पोराला हवं असतं, प्रौढाला नव्हे. मला वाटायचं, समोरच्याला शब्द आठवेपर्यंत हात बांधून उभं राहावं लागणं, ही खरी मोठ्या माणसांची गोष्ट. असं गेममध्ये कोणी करत नाही. मी केलं, आणि ते बाबांमुळे जमलं. हे मी अजूनही मानतो, पंचाईत तीच आहे.

आता मारायचं कुठून आलं, ते. ते कोणी ठरवलं नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याला शरीर दिलं त्याला मार लागू शकतो, मग तो कुत्रा असो की राणी. प्रत्येकाच्या नावापुढे "मार लागल्याचा आवाज" असा एक रकाना असतो. तो रिकामा राहिला की लाल खूण येते. गेम बाहेर पडायच्या आठवड्यात सगळ्या यादीत एकच लाल खूण उरली होती, पुलावरच्या म्हाताऱ्याची. सगळे माझ्या टेबलाभोवती उभे होते. बाबांच्या रेकॉर्डिंगमध्ये कण्हणंही होतं, ते मी तिथे टाकलं आणि खूण गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याला मार लागूच नये, अशी सोय करायलाही तेवढाच वेळ लागला असता. मला ते सुचलं नाही, एवढंच खरं.

अपडेट जरा लांबला आहे. एका मोठ्या संमेलनात मला बोलायला बोलावलंय, गेममधली गोष्ट प्रौढ कशाने होते या विषयावर. तेवढं झालं की लगेच काढतो.

धाकटा


११ सप्टेंबर

ताई,

माझं भाषण इंटरनेटवर आहे. तू पाहण्याआधी मीच सांगितलेलं बरं. खरं तर तू पाहिलंच असणार, म्हणून लिहितोय. चोराच्या मनात चांदणं.

आधी एक गोष्ट तुला सांगायला हवी. गेमवर लिहिणाऱ्यांनी त्या मारण्याचं कौतुक केलं आहे. एकाने लिहिलं, की लेखक खेळणाऱ्याला म्हाताऱ्यावर हात उचलायची मुभा देतो आणि मग तो आवाज ऐकवून त्याला स्वतःची ओळख पटवून देतो, गेमची कला आता वयात आली. लाल खुणेची ही थोरवी. मी त्याला कळवायला हवं होतं की बाबा रे, तो रकाना भरला होता फक्त. मी आभार मानले.

भाषण चांगलं झालं. उत्तम झालं. मी म्हटलं की गोष्ट वाचणारा हात झटकून मोकळा होऊ शकतो, खेळणारा नाही, कारण काठी त्याच्या हातात असते. म्हटलं की खेळणाऱ्याला चूक करू द्यायची आणि मग उपदेश करायचा नाही, हे मोठेपण. मग मी बाबांची गाडीसुद्धा काढली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो, तो बाबांच्या पायाशी असायचा, आणि चांगला शिक्षक तो शक्यतो दाबत नाही, शिकणाऱ्याला चुकू देतो, पण पाय कायम त्यावर ठेवतो. गेम लिहिणारा म्हणजे शेजारच्या सीटवरचा माणूस, असं मी म्हणालो. लोकांनी ते लिहून घेतलं. नाव न घेता म्हणालो, "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ."

शेवटी एका मुलीने विचारलं की पुलावरच्या म्हाताऱ्याचं काम कोणी केलं, श्रेयनामावलीत नाव दिसत नाही. मी म्हणालो, "त्यांना प्रसिद्धी नको आहे." सभागृह उभं राहिलं. त्या न दिसणाऱ्या माणसाच्या विनयासाठी टाळ्या पडल्या आणि मी मान लववून त्या घेतल्या.

तुला वाटेल मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. तसं लिहिलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मंचावर मला छान वाटत होतं. लाज परतताना टॅक्सीत आली. चालकाने गाडीत शिरल्यावर पट्टा लावायला सांगितलं, बाबा सांगायचे त्याच सुरात, आणि मला तो लावता येईना. त्याने मागे वळून लावून दिला.

आणि त्या क्लिपा मी पाहिल्या आहेत. सगळ्या. पहिल्या आठवड्यापासून पाहतोय. एखादी किती जणांनी पाहिली तो आकडा वाढला की सुरुवातीला मला बरंही वाटायचं.

आवाज अजून काढलेला नाही.

धाकटा


२४ सप्टेंबर

ताई,

तुझ्या पत्रात दोनच वाक्यं. "दुसरा ब्रेक तुझ्या पायाशी होता तर तू तो का दाबला नाहीस? आणि चित्रांच्या कार्डांमध्ये कण्हणं कुठून आलं?"

वर्गात कोणी चिठ्ठी फिरवली की तू नेमक्या त्याच पोराला उभं करतेस, असं तुझे विद्यार्थी म्हणत असतील. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याचं आहे, आणि तू तो विचारू नयेस म्हणून मी इतकी पानं खरडली.

ते कार्डांतलं नाही. सकाळी शाळेत जायच्या आधी तू बाबांच्या खांद्याचा व्यायाम घ्यायचीस. लुळा हात धरून हळूहळू वर न्यायचीस. मी खिडकीशी चहा पीत बसलेला असायचो आणि फोन खिडकीच्या कठड्यावर असायचा. तो मी चालू ठेवला होता. विसरून नाही. आदल्या दिवशी त्यांचं कण्हणं ऐकलं होतं आणि हे कधीतरी कामाला येईल असं मनात आलं होतं. मनात आलं ते हेच, ह्याच शब्दांत.

त्या रेकॉर्डिंगमध्ये तू आहेस. बाबा कण्हले की तू तिथल्या तिथे थांबतेस आणि म्हणतेस, "झालं हं बाबा, झालं. थांबले मी." मग जरा वेळाने, "अजून एकदा?" प्रत्येक कण्हण्याच्या शेपटीला तुझा आवाज चिकटलेला होता. मी तो कापला. बारीक काम होतं, दुपार गेली. आवाज स्वच्छ झाला म्हणून मी खूशही झालो. म्हणून गेममधला म्हातारा कण्हतो आणि कोणी थांबत नाही. थांबणारीला मी काढून टाकलं होतं.

हे लिहून झाल्यावर मी मालकीणबाईंकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं, लाल खुणेसकट. मला वाटलं आरडाओरडा होईल. त्यांनी विचारलं, "वडील आहेत तुझे?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी त्या आवाजावरही रडले होते रे," आणि खोलीबाहेर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आवाज निघाला. तिथे आता त्या नटाचं गोड अडखळणं आहे. म्हाताऱ्याजवळ गेलं की शिपायाची काठी वर उचललीच जात नाही. मी जाहीर निवेदनही दिलं, की तो आवाज नटाचा नव्हता, एका आजारी माणसाचा होता आणि त्याला न विचारता घेतला होता, आणि मारायची सोय ही विचारपूर्वक केलेली नव्हती, निष्काळजीपणा होता. कोणाचा आवाज ते लिहिलं नाही, कारण तेही बाबांना विचारल्याशिवाय कसं लिहिणार? लोक भडकले आहेत. काठी उचलता येत नाही म्हणून गेम बाळबोध झाला म्हणतात. ज्याने कौतुक केलं होतं त्याने लिहिलं की लेखक कचरला. क्लिपा मात्र आहेत तिथेच आहेत. एक पुसायला सांगितली तर दहा नव्या आल्या.

पत्राच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलीने लिहिलेलं मी उशिरा पाहिलं. "माफी नको, पंधरा दिवस येऊन राहा, मी मैत्रिणीकडे जाते, तीन वर्षांत कुठे गेले नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे, व्यायामाचा कागद फ्रिजवर." मी पोचायच्या आत तू निघालेली असशील, हेही लिहिलंस.

येतो.

धाकटा


९ ऑक्टोबर

ताई,

मैत्रिणीचा पत्ता तू काकूंकडे ठेवून गेलीस, म्हणजे पत्र चालेल असं धरून लिहितो.

घर ठीक आहे. काकूंनी किल्ली दिली पण चहाला काही बोलावलं नाही, तेव्हा त्यांनाही माहीत आहे. बाबा दारात "आलास" म्हणाले. न अडखळता म्हणाले. जेवण मी करतो. तिखट जास्त झालं की ते ताट एक बोटभर पुढे सरकवतात, इतकंच. कपड्यांच्या घड्या मात्र माझ्या त्यांना पसंत नाहीत. एका हाताने ते त्या परत उलगडतात आणि परत घालतात. काल त्यांना फिरायला नेलं तेव्हा कोपऱ्यावर माझा दंड धरून मला थांबवलं, दोन्हीकडे बघायला लावलं, मगच रस्ता ओलांडू दिला. दुसऱ्यांची पोरं शिकवून हुशार केली आणि घरचा ठोंब्या राहिला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

खांद्याचं सांगतो. पहिल्या सकाळी कागदावर लिहिल्याप्रमाणे त्यांचा हात धरला आणि वर न्यायला लागलो. ताई, ते कण्हणं मला पाठ आहे. कुठलं कुठे येतं ते मी महिनोन् महिने ऐकलंय, छातीच्या उंचीवर आखूड, खांद्याच्या जरा खाली लांब. मी त्याची वाट बघत होतो. आलं नाही. छातीच्या वर गेलो, खांद्यापर्यंत गेलो, काही नाही. मला वाटलं बरा झालाय खांदा. मनातल्या मनात तुला शाबासकी दिली. मग खाली पाहिलं तर बाबांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ आत ओढून दातांखाली धरलेले होते.

व्यायामवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खांद्यापर्यंत दुखणारच, कण्हू द्या त्यांना, कुठे थांबायचं ते त्यावरूनच कळतं. जास्त ताणलं तर आतून इजा होईल, आणि कमी उचललं तर सांधा आखडेल.

दुसऱ्या दिवशी मी फोन बंद केला, त्यांच्या डोळ्यांसमोर बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला, दार लावून घेतलं आणि मोकळे हात त्यांना दाखवले. त्यांनी ते पाहिले. मग चांगल्या हाताने लुळा हात पुढे केला. मी उचलायला लागलो आणि पुन्हा तेच, ओठ आत आणि घाम.

आज मी विचारलंच. म्हटलं, "बाबा, दुखतं तिथे आवाज करा. मला कळत नाही कुठे थांबू."

त्यांनी शब्द शोधायला सुरुवात केली. खूप वेळ लागला. मांडीवर मूठ आपटली, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये बोललो नाही. शेवटी सापडले.

"तुझ्यासमोर... नाही."

रागाने म्हणाले नाहीत. कपबशी नीट ठेव म्हणावं तसं म्हणाले. आणि हात परत माझ्याकडे दिला, व्यायाम अर्धा राहिला होता म्हणून.

तुला परत बोलावत नाही. सुट्टी पुरी कर, तुझ्या वाटणीचं आधीच बरंच घेऊन झालंय माझं. आता मी खांद्याकडे बघत नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत हात वर नेतो. पापणी हलली की थांबतो. "थांबलो" असं मोठ्याने म्हणतो. बहुतेक वेळा मी वेळेत थांबत असेन. कधी उशीर होत असेल तर मला ते समजत नाही, आणि ते सांगणार नाहीत.

तुझा धाकटा